भोंगा बंद करून या

ऑगस्ट २०२० मधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा झाले असतील. अनोळखी नंबर. पलीकडचा आवाज दबका, भाषा आपली अहिराणी. "भाऊ, गाडी धाडा. पन भोंगा बंद करीसन या."

मी नाव विचारलं. "नाव नका इचारू." कोण आजारी आहे? "म्हतारी शे. मनी माय." दम लागतोय का, असं विचारल्यावर उत्तर आलंच नाही. त्यानं फोन आईच्या तोंडाजवळ नेला असावा. दोन-तीन श्वास ऐकले आणि पुढचे प्रश्न मी गिळले.

१०८ च्या ड्रायव्हरला म्हटलं, भोंगा नको, वरचा दिवाही नको आणि गाडी गल्लीत नेऊ नको. तो कुरकुरला. मग म्हणाला, "एवीतेवी रस्ता मोकळाच आहे, भोंगा ऐकणार कोण?" गाडी फाट्यावर, बंद पडलेल्या ढाब्याच्या आडोशाला उभी केली. दहा मिनिटांनी दिवा न लावता एक मोटारसायकल आली. पुढे मुलगा, मागे पुतण्या, मधे गोधडीत गुंडाळलेली म्हातारी. गाडीत घेतल्यावर तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, ८१ आकडा आला. सकाळी गल्लीत बातमी अशी, की आजी लेकीकडे गेली.

बारा दिवसांनी आजी परतली. लेकीनं छान सांभाळलं, असं तिनं सगळ्यांना सांगितलंही.

लोक मला विचारतात, त्या पांढऱ्या किटमध्ये कसं वाटायचं? घाम यायचा, चष्म्यावर वाफ धरायची. त्यात सांगण्यासारखं फार नाही. मला आठवतात ते असे बिनभोंग्याचे फोन. त्या वर्षभरात पाच-सात तरी आले असतील. प्रत्येकाला आजारापेक्षा दुसऱ्याच कशाची तरी भीती होती.

मी सोनगीरचा. म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याचं, मुंबई-आग्रा महामार्गावरचं, धुळ्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवरचं आमचं गाव. नोकरी मात्र आजूबाजूच्या केंद्रांवर, आरोग्य सेवक म्हणून. हे पद गावात कुणी उच्चारत नाही. आम्ही 'मलेरियावाले'. ताप आला की बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचं, रांजणात आणि टाक्यांत डासांच्या अळ्यांसाठी अबेट टाकायचं, आणि जाताना दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं तारीख मारायची. वरचे साहेब तपासणीला आले, की आधी भिंत वाचत. पस्तीस वर्षं मी लोकांच्या भिंतींवर तारखा लिहिल्या, त्यामुळे कुठल्या घरात कुत्रं आहे, कुठे सासू-सुनेची चूल वेगळी आहे आणि कुठे दुपारी दार वाजवायचं नाही, हे मला रजिस्टर न उघडता सांगता येतं.

नोकरीला लागलो तेव्हा माझ्यावरचे पर्यवेक्षक जुने देवी टोचणारे होते. देवीचा रोग देशातून गेला, तसे ते मलेरियात आले. त्यांचा एक किस्सा मी दहा वेळा ऐकला असेल. १९७४-७५ च्या शेवटच्या मोहिमेत सरकारनं जाहीर केलं होतं, की देवीचा रोगी दाखवा आणि बक्षीस घ्या. ती रक्कम वाढत वाढत १००० रुपयांवर गेली. तेव्हाचे हजार म्हणजे मास्तरचा दोन-तीन महिन्यांचा पगार. मग काय, कांजिण्या उठलेलं पोर दिसलं की लोक त्याला खांद्यावर टाकून घेऊन येत. "साहेब, हे घ्या, देवी!" पर्यवेक्षक हसायचे आणि म्हणायचे, शंभरातली शंभर पोरं कांजिण्यांची निघाली तरी चालेल, कारण त्यात एक देवीचं असलं तर ते सुटणार नाही. भारतातला शेवटचा स्थानिक रोगी मे १९७५ मध्ये सापडला. देश देवीमुक्त जाहीर झाला १९७७ मध्ये.

हे मी २०२० च्या उन्हाळ्यात सारखं आठवत होतो. देवीच्या वेळी जो सांगेल त्याला हजार रुपये. कोरोनात जो सांगेल त्याच्या गल्लीला पत्रे. त्याच्या घरावर कागद, हातावर शिक्का, दूध घालणारा बंद, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं नाव गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ही यादी ग्रुपवर कोण टाकतं, याचा छडा कधी लागला नाही. खरं सांगायचं तर लावायचा कुणी प्रयत्नही केला नाही. घरावर कागद चिकटवू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं डिसेंबर २०२० मध्ये. तोवर आमच्याकडची पहिली लाट ओसरून गेली होती.

कायदा कुठला वापरला, तर १८९७ चा. पुण्या-मुंबईत प्लेग आला, म्हणून इंग्रजांनी फेब्रुवारी १८९७ मध्ये घाईनं केलेला हा कायदा. अवघी चार कलमं. त्याच्या जोरावर पुण्यात गोरे सोजीर घराघरांत घुसले, माजघरं उघडी पडली, लोकांनी रोगी माळ्यावर लपवले. पुढे २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे आपण शाळेत शिकतो. शाळेत रँडची गोष्ट शिकवतात, माळ्यावरच्या रोग्याची नाही. साथीच्या दृष्टीनं पाहिलं, तर महत्त्वाचा तो माळ्यावरचा रोगी. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं तोच कायदा बाहेर काढला. या वेळी दारात सोजीर नव्हते, गावचीच आशा ताई होती. लपवण्याची तऱ्हा मात्र तीच. आमच्याकडे माळे राहिले नाहीत, तर माणसं शेतातल्या खोपीवर नेऊन ठेवली.

*

एप्रिल-मे मधला महामार्ग ज्यांनी पाहिला, त्यांच्या डोळ्यांसमोरून तो जायचा नाही. एरवी या रस्त्यावर ट्रकांचा आवाज रात्रभर असतो, त्या आवाजावर आम्ही झोपतो. तो थांबला आणि पावलांचा आवाज ऐकू येऊ लागला. मुंबई-नाशिककडून निघालेली माणसं, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहारकडे तोंड करून. मधेच मुंबईच्या काळ्या-पिवळ्या रिक्षा, ओळीनं, एकेका रिक्षात सहा-सहा माणसं आणि वर गॅसची शेगडी बांधलेली. गावातल्या पोरांनी फाट्यावर पिंप भरून पाणी ठेवलं, कुणी खिचडी केली, एकानं जुन्या चपला गोळा करून ढीग लावला. त्या ढिगावरून चपला निवडणारा माणूस मी पाहिलाय. आधी दोन्ही पायांच्या एकाच रंगाच्या शोधत होता, मग नुसत्याच मापाच्या.

आमच्याकडे टेबल, थर्मल गन आणि रजिस्टर. सांगितलेलं काम साधं: नाव लिहा, गाव लिहा, मोबाइल लिहा, ताप बघा. पहिल्या दिवशी टेबल दिसलं, की लोक रस्ता सोडून कपाशीच्या रिकाम्या शेतातून वळसा घालायचे. नाव लिहिलं की डांबतात, ही बातमी आमच्या टेबलाच्या कितीतरी पुढे चालत होती. दुसऱ्या दिवशी एका शिक्षकानं युक्ती काढली. तोही आमच्यासारखाच ड्युटीवर लावलेला. त्यानं पाण्याचं पिंप टेबलाच्या अलीकडे घेतलं, रजिस्टर झाकून ठेवलं आणि पाणी देताना नुसतं विचारलं, "कहाँ से आ रहे हो भैया? सब ठीक?" पाणी पिऊन झालं, की माणूस आपण होऊन सांगायचा, की मागच्या टोळीत एकाला ताप आहे, पुलाखाली बसलाय. रजिस्टर त्या दिवशी बरंच कोरं राहिलं. वरून विचारणा आली, ती वेगळी गोष्ट.

पुढे बिजासनच्या घाटात, राज्याच्या हद्दीवर, हजारो माणसं अडकून पडली, दगडफेक झाली. ८ मे च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून निघाले होते आणि त्यांना पोचायचं होतं भुसावळला, म्हणजे आपल्या खानदेशात. तिथून गाडी मिळेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

*

आता थोडा विनोद, कारण तोही झाला.

आमच्या गावाची जुनी ओळख तांब्या-पितळेच्या भांड्यांची. तांबटांच्या गल्लीत ठोक्यांचा आवाज सकाळपासून असतो. टाळेबंदीत तोही बंद. मार्चच्या मध्यावर अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला, की हा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर दोन-तीन दिवस तग धरतो, पुठ्ठ्यावर एक दिवस, तांब्यावर मात्र चार तासांत संपतो. ही बातमी मराठी पेपरांतून गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. एक म्हातारे तांबट मला अडवून म्हणाले, "पाहा, आमचे बापजादे सांगत होते, तर तुम्ही लोकांनी स्टीलची भांडी घेतली." मी म्हटलं, काका, तो भांड्यावर मरतो, घशात नाही. त्यांना ते पटलं नाही. दोन दिवसांनी कुणीतरी तांब्याची पट्टी मास्कच्या आत शिवून घातलेली मी पाहिली.

पण हसण्याआधी आमचं ऐका. आम्ही काय करत होतो? ट्रॅक्टरवर कपाशी फवारायचे ब्लोअर चढवून सोडियम हायपोक्लोराइट रस्त्यावर उडवत होतो. भिंती, देवळाच्या पायऱ्या, विजेचे खांब, उभी असलेली मोटारसायकल, सगळं भिजवलं. ट्रॅक्टर गल्लीत शिरला, की लोक टाळ्या वाजवायचे, काही ठिकाणी ड्रायव्हरला हार घातले. मे महिन्यातच जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की रस्त्यांवरच्या फवारणीनं काही साधत नाही, उलट माणसांना त्रास होतो. आमच्याकडे ब्लोअर त्यानंतरही चालू राहिला, कारण तो दिसतो. ग्रामपंचायत काहीतरी करतेय, हे दिसायला हवं. खिडक्या उघडा, बंद खोलीत दहा जण बसू नका, हे सांगायला ट्रॅक्टर लागत नाही आणि त्याचा फोटोही येत नाही. विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, हे मोठ्या संघटनांनीच स्पष्ट मान्य करायला २०२१ उजाडलं, मग आमचं काय घेऊन बसलात. आम्ही नोटा धूत होतो, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवत होतो, आणि अखाजीला एका बंद खोलीत पत्त्यांचा डाव रंगला होता. तिथे चौदा जण होते. मास्क एकाचाही नाही. डावाला बसताना हात मात्र सगळ्यांनी सॅनिटायझरनं चोळले होते.

*

लपवण्यावरून नवापूर आठवतं. फेब्रुवारी २००६. भारतातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात निघाला, हे खानदेशाबाहेर आता कुणाला आठवत नाही. कोंबड्या आधीपासून मरत होत्या, राणीखेत रोग असेल म्हणून लोक पुरत होते. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ तारखेला बातमी फुटली. मग पीपीई किट घातलेली माणसं टीव्हीवर दिसली, आपल्या भागानं तो पोशाख पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. आरोग्याच्या पथकांनी घरोघर ताप शोधला. संशयितांचे नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेत गेले, एकही माणूस बाधित निघाला नाही.

त्या पथकातला माझा एक मित्र सांगतो, पहिले दोन दिवस घरची कोंबडी कुणी दाखवेना. खुराडी रिकामी, अंगणात पिसं. बायका सांगायच्या, आम्ही पाळतच नाही. आणि आतून कोंबडा आरवायचा! नुकसानभरपाई मिळते, पैसे हातात येतात, हे एकदा गावानं पाहिलं आणि मग लोक स्वतः पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या काढून देऊ लागले. दर पुरेसा नव्हता, पोल्ट्रीवाल्यांची तक्रार रास्त होती, त्यांचा धंदा कित्येक महिने बसला. पण कोंबडीला किंमत होती. मित्र म्हणतो, "कोरोनात माणूस दाखवणाऱ्याला आपण काय दिलं? चौदा दिवस मजुरी बुडव." निंदणीच्या हंगामात रोजानं जाणाऱ्या बाईला चौदा दिवस म्हणजे किती रुपये, याचा हिशेब मी तरी कुठल्या परिपत्रकात वाचला नाही. चाचणीला ये म्हटलं, की ती सरळ सांगायची, "माले काहीच नही शे." तिच्या जागी मी असतो तर हेच सांगितलं असतं.

दिसणारा आकडा आणि खरा आकडा यांत किती अंतर होतं, ते २०२० च्या मे महिन्यात मोजलं गेलं. आयसीएमआरनं देशभरातल्या ७० जिल्ह्यांत २८००० लोकांचं रक्त तपासलं, त्यात शेजारचा जळगाव जिल्हा होता. एका घरातून एकच माणूस, तोही लॉटरीसारखा निवडलेला. माझे एक नातलग त्या भागात होते. ते सांगतात, लोकांना समजेचना, की ताप नसलेल्या माणसाचं रक्त हे लोक का मागतात. शेवटी गावचा कोतवाल पुढे बसला, आधी माझं घ्या म्हणाला. त्याचा नंबर लॉटरीत नव्हता, म्हणून त्याची बाटली बाजूला ठेवली, पण त्यानंतर रांग लागली. त्या पाहणीतून निघालं, की नोंदल्या गेलेल्या प्रत्येक रोग्यामागे ८२ ते १३० लोकांना लागण होऊन गेली असावी. आम्ही एका माणसाच्या गल्लीला पत्रे ठोकत होतो, तेव्हा शंभर जण पत्र्यांच्या बाहेर होते.

*

लोक दवाखान्याला का घाबरत होते, यालाही कारण होतं. जून २०२० मध्ये जळगावच्या सरकारी रुग्णालयातून भुसावळची ८२ वर्षांची एक आजी बेपत्ता झाली. आठ दिवसांनी ती तिथल्याच स्वच्छतागृहात मृतावस्थेत सापडली. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले, जिल्हाधिकारी बदलले. ही बातमी खानदेशातल्या घराघरांत गेली. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या आशा ताईंना दारात एकच प्रश्न: "तिथे आत कोण बघतं?" एका आशा ताईनं त्यावर तोडगा काढला. रोगी नेला, की ती दर संध्याकाळी वॉर्डातल्या ओळखीच्या नर्सला फोन लावायची आणि जेवला का, एवढंच विचारून घरी सांगायची. कागदोपत्री ही तिची ड्युटी नव्हती. फोनचं रिचार्ज तिच्या पैशानं. केंद्राकडून या कामाचा भत्ता महिन्याला १००० रुपये. जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशांनी संप केला, तेव्हा ज्यांना आश्चर्य वाटलं त्यांचं मला आश्चर्य वाटलं.

'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सप्टेंबर २०२० ची. प्रत्येक घरात माणसाचं तापमान आणि ऑक्सिजन. तेव्हा एक गंमत कळली. ऑक्सिमीटर काही बायकांच्या बोटावर आकडाच दाखवेना, दाखवला तर ८०-८२. बाई धडधाकट, भाकरी थापतेय. नंतर लक्षात आलं, कुणाच्या नखावर गडद रंग, कुणाचं बोट कापूस वेचून फाटलेलं आणि राठ, कुणी आत्ताच गार पाण्यात भांडी घासून उठलेली. मग आशा ताई आधी बाईचा हात स्वतःच्या हातात घेऊन चोळायची, बोट गरम करायची, आणि मग यंत्र लावायची. त्या चोळण्याच्या मिनिटभरात बाई बोलायची. नवऱ्याला तीन दिवसांपासून चव लागत नाही, हे यंत्रानं नाही सांगितलं.

दुसऱ्या लाटेत बोलायला मिनिटही नव्हतं. मार्च-एप्रिल २०२१ मध्ये आमच्या भागात दोनच शब्द ऐकू यायचे, 'स्कोर' आणि 'रेमडेसिविर'. "स्कोर किती?" "पंचवीसपैकी चौदा." क्रिकेटसारखं. सिटी स्कॅनच्या रांगा, आणि हातात चिठ्ठी घेऊन इंजेक्शनासाठी धुळे, जळगाव, नाशिक पालथं घालणारे भाऊ, मेव्हणे, मित्र. रेमडेसिविरनं जीव वाचल्याचा पुरावा नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच ते वापरू नका असा सल्ला दिला होता. एका पोरानं त्यासाठी बैलजोडी विकली. मी त्याला हे सांगू शकलो नाही. त्याला काय सांगणार होतो, की तुझ्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन आणू नकोस?

वाचवत होता तो ऑक्सिजन. आणि इथे मला नंदुरबारचं नाव घ्यावंच लागेल, कारण मोठ्या शहरांकडे बोट दाखवायची आपल्याला सवय आहे. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड, मूळचे साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, शिक्षणानं डॉक्टर. पहिली लाट उतरत होती, सगळे सुटलो म्हणत होते, तेव्हा सप्टेंबर २०२० मध्ये नंदुरबारला हवेतून ऑक्सिजन काढणारा प्रकल्प उभा राहिला. एकेका प्रकल्पाला ८५ लाखांच्या घरात खर्च. पुढच्या लाटेच्या तोंडावर आणखी दोन. जिथे टँकर पोचायला सगळ्यांत उशीर लागतो, त्या आदिवासी जिल्ह्यानं टँकरची वाट बघायचंच सोडून दिलं. त्याहून मला आवडलेली गोष्ट म्हणजे ऑक्सिजनवर लक्ष ठेवायला नेमलेल्या वेगळ्या परिचारिका. वॉर्डात ज्यानं काम केलंय त्यालाच याचं मोल कळेल. रोगी जेवायला उठतो, मास्क गळ्यात लोंबतो आणि नळी फुसफुसत राहते. कुणाला ९७ असताना चालू, कुणाला ८८ असताना कमी. पन्नास खाटांमागे एक बाई नुसती फिरत राहिली आणि नळ्या बघत राहिली, तरी टँकरभर वाचतो.

आणि एक आमच्या वाटेचा किस्सा. १९ एप्रिल २०२१ ला कळंबोलीहून पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस निघाली, सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून, विशाखापट्टणमला. सरळ घाटानं जायला हवी, पण टँकरची उंची घाटातल्या बोगद्यांत आणि तारांखाली मावेना. म्हणून गाडी वळसा घालून वसई, सुरत, मग आपल्या तापी खोऱ्यातून भुसावळ, नागपूर अशी गेली. म्हणजे नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा. नरडाण्याच्या एका ओळखीच्या रेल्वेवाल्यानं मला नंतर सांगितलं, "गाडी गेली तेव्हा आम्ही सगळे फाटकाजवळ उभे राहिलो. टँकर रिकामे आहेत, हे माहीत होतं, तरी."

*

लसीचं सगळं सांगत बसलो तर रात्र पुरणार नाही. आईसपॅक फ्रीजरमधून काढून कानाजवळ हलवायचे, आत पाण्याचा खळखळ आवाज आला तरच कॅरिअरमध्ये भरायचे, ही आमची रोजची पहाट. कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस. बाटली उघडली की चार तास. म्हणजे दहा माणसं जमल्याशिवाय बाटली उघडायची नाही, आणि उघडली की दहावा माणूस शोधायला गावात धावायचं. सुरुवातीला लस म्हणजे मरण, अशी अफवा. तेव्हा दहाव्यासाठी मी लोकांच्या पाया पडलोय. दोन डोसांमधलं अंतर आधी २८ दिवसांचं, मग सहा ते आठ आठवडे, मग १३ मे ला एकदम बारा ते सोळा. दुसऱ्या डोसाला आलेल्या माणसाला परत पाठवताना तो जे बघतो, ते मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. "तुमचं तुम्हालाच माहीत नाही का?" विज्ञान असंच चालतं, नवं कळलं की बदलतं, हे मी त्याला दारात उभं राहून समजावायचो. निम्म्यांना पटायचं.

मग त्याच मे मध्ये उलटं झालं. १८ ते ४४ वाल्यांना लस खुली झाली, नोंदणी मोबाइलवर. आमच्यासारख्या हमरस्त्यावरच्या खेड्यांच्या केंद्रांसमोर सकाळी सातला गाड्या. धुळ्याच्या, नाशिकच्या, एक तर मुंबईची. रात्री स्लॉट उघडायचा आणि दोन मिनिटांत शहरातल्या बोटांनी संपायचा. गावातली पोरं भिंतीला टेकून बघत राहायची. एकानं विचारलं, "दादा, केंद्र आमच्या गावचं ना?" भांडण झालं. गाडीवाल्यांचीही चूक नव्हती, त्यांनी नियमानं नंबर लावला होता. लस पुरेना म्हणून १२ मे ला राज्यानं त्या वयोगटाचं लसीकरणच थांबवलं, तेव्हा भांडणही थांबलं.

जुलैतली दुपार. पाऊस लागून होता. बाटली उघडून तीन तास वीस मिनिटं झालेली आणि नऊ माणसं टोचून झालेली. दहावा मिळेना. सिस्टर म्हणाली, टाकून देऊ, नोंद करू. मी मोबाइलमधले नंबर चाळत होतो. एक नंबर 'भोंगा' नावानं ठेवलेला सापडला. लावला. म्हटलं, आईला लस झाली का? "तिले व्हयनी, धुळाले." आणि तू? गप्प. मग म्हणाला, वावरात आहे, वीस मिनिटं लागतील.

अठराव्या मिनिटाला आला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर युरियाची पिशवी. त्या रात्री अंधारात चेहरा दिसला नव्हता. मी टेबलामागे बसलो होतो, समोर आधार कार्ड ठेवत तो म्हणाला, "लिखा आते. पुरं नाव लिखा."

लिहिलं. सिस्टरनं बाही वर करायला सांगितली, आणि त्याची नजर खिडकीतून बाहेर. खताची गोणी बांधावर उघडीच राहिली होती, म्हणून तो अर्धा तास बसायला काही तयार होईना.